नर्मदेपलीकडे : स्वराज्याचे साम्राज्य होताना

वडोदऱ्यातील जुन्या मराठी घरांत आपल्या आगमनाची हकिकत साधारण एकाच धाटणीने सांगितली जाते. मूळ गाव घाटावरचे किंवा कोकणातले. कोणी पूर्वज पागेत होता, कोणी फडावर कारकून, कोणी देवस्थानच्या पूजेला. गायकवाड सरकारांच्या आश्रयाने तो इकडे आला आणि रावपुऱ्यात, दांडिया बाजारात किंवा बाबाजीपुऱ्यात त्याने घर बांधले. हकिकत खरी आहे. पण तिच्यात एक वाक्य बहुधा गाळलेले असते. गायकवाड सरकार स्वतः इथे कसे आले? परक्याची सत्ता नको म्हणून ज्या महाराष्ट्राने शस्त्र उचलले, त्याच महाराष्ट्राची फौज राज्याभिषेकापासून पन्नास वर्षांच्या आत दुसऱ्याच्या मुलखात वसुलीला का उभी राहिली?

वाचकहो, हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांचा नाही. आपल्या नातवंडांच्या वर्गात जी गुजराती मुले बसतात, त्यांच्या घरी हाच काळ निराळ्या आठवणींनी सांगितला जातो. दोन्ही आठवणी एका शहरात नांदायच्या असतील, तर गाळलेले वाक्य आपण स्वतःच लिहून काढलेले बरे.

स्वराज्याची हद्द

प्रथम एक खुलासा. शिवाजी महाराजांच्या काळी स्वराज्य आपल्या घरापुरते होते आणि पुढच्यांनी ते बिघडवले, अशी सोपी विभागणी करता येत नाही. महाराज १६६४ च्या जानेवारीत सुरतेवर आले आणि १६७० मध्ये पुन्हा आले. १६७७ मध्ये ते कर्नाटकात जिंजीपर्यंत गेले. चौथाईची कल्पनाही गुजरातच्या उंबरठ्यावरचीच. रामनगरचा कोळी राजा दमणच्या पोर्तुगीज गावांकडून उत्पन्नाचा चौथा हिस्सा घेत असे, त्या बदल्यात गावांना उपद्रव होत नसे. १६७२ मध्ये रामनगर मराठ्यांच्या हाती आले आणि तो हक्कही आम्हाला मिळाला पाहिजे, अशी मागणी सुरू झाली.

तरीही फरक आहे. सुरतेची पहिली स्वारी झाली त्याआधी तीन वर्षे शायिस्ताखान पुण्यात तळ ठोकून होता. मुलूख उजाड झाला होता, खजिना रिकामा होता, आणि बादशहाच्या श्रीमंत बंदरातून ती तूट भरून काढायची होती. स्वारी झाली आणि फौज परतली. सुरतेत ठाणे बसवले नाही, कमाविसदार नेमला नाही. महाराजांच्या कारभारात पगार शक्यतो रोख होता; सरदाराला मुलूख तोडून द्यायची रीत त्यांनी टाळली. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हाच विचार दिसतो. किल्ले, आरमार, रयत आणि वतनदारांना लगाम, हा त्या ग्रंथाचा गाभा आहे. टोपीकर व्यापारी वरवर व्यापार करतात, पण त्यांना समुद्रकिनारी जागा देऊ नये, हा इशाराही त्यात आहे. ही आपले घर राखणाऱ्याची दृष्टी आहे.

उधारीवर लढलेले युद्ध

ही दृष्टी बदलली ती एखाद्या महत्त्वाकांक्षी माणसामुळे नव्हे. ती बदलली औरंगजेबाशी चाललेल्या प्रदीर्घ युद्धात. संभाजी महाराज १६८९ मध्ये मारले गेले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. पगार द्यायला पैसा नाही, फौज तर हवी. मग सरदारांना सांगितले गेले : स्वतःची फौज उभी करा, मोगलांकडून जो मुलूख सोडवाल त्यात तुमचा वाटा. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या आश्वासनात रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद अशी पायरीपायरीने नावे येतात, आणि शेवटची पायरी दिल्ली आहे. ज्या राजाकडे स्वतःची राजधानी उरली नव्हती, त्याने दिल्ली जिंकल्यावरचे बक्षीस कागदावर लिहून दिले होते.

त्या कागदाचे मोल ओळखले पाहिजे. त्याच्या बळावर महाराष्ट्र वाचला हे खरे. पण तो एक प्रकारचा उधारीचा रोखा होता, आणि रोखा कधीतरी वटवावा लागतो. १६९९ मध्ये कृष्णा सावंत फौजेसह नर्मदा ओलांडून माळव्यात शिरला. १७०६ मध्ये धनाजी जाधव गुजरातेत आले आणि राजपिपळ्याजवळ रतनपूर येथे त्यांनी मोगल फौजेचा पराभव केला. औरंगजेब अजून जिवंत होता. स्वराज्य सुरक्षित व्हायच्या आधीच त्याची फौज नर्मदेच्या उत्तरेला पोहोचली होती.

१७१९ चा हिशेब

शाहू महाराजांच्या वतीने बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले आणि १७१९ मध्ये तीन सनदा घेऊन परतले : स्वराज्याची, चौथाईची आणि सरदेशमुखीची. 'स्वराज्य' या शब्दाचा त्या कागदांतला अर्थ अगदी नेमका होता. शिवाजी महाराजांच्या निधनाच्या वेळी जो मुलूख त्यांच्याकडे होता तो. त्याच्या बाहेर दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर चौथाई म्हणजे चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा. बदल्यात पंधरा हजार फौज बादशहाच्या कामी ठेवायची आणि स्वराज्याबद्दल दहा लाखांची पेशकश भरायची. गुजरात आणि माळव्याची चौथाईही मागितली होती, पण ती सनदेत आली नाही. कागदोपत्री मराठ्यांचा हक्क नर्मदेच्या अलीकडे थांबत होता.

मग आले वाटप. चौथाईचा चौथा भाग राजाची बाबती. उरलेल्या तीन हिश्शांना मोकासा म्हणत. त्यातून एकूण चौथाईच्या शेकडा सहा सहोत्रा म्हणून पंत सचिवांना, शेकडा तीन नाडगौडा म्हणून राजाच्या मर्जीने द्यायचे. बाकीचे शेकडा सहासष्ट सरदारांच्या सरंजामाला. एकाच परगण्यात चार जणांचे हिस्से अशा रीतीने गुंतवले, की कोणी एकटा सवतासुभा करू नये आणि प्रत्येकाचे हित दुसऱ्याशी बांधलेले राहावे.

युक्ती हुशारीची होती, पण तिची एक अट होती. वसूल सतत वाढला पाहिजे. चौथाई म्हणजे राज्य करणे नव्हे. विहीर बांधणे, न्याय देणे, दुष्काळात सूट देणे ही जबाबदारी कागदोपत्री मोगल सुभेदाराची. मराठ्यांचा कमाविसदार त्याच्या शेजारी बसून हिस्सा उचलणार. दोन धनी झाले की मुलूख लवकर शिणतो. मुलूख शिणला की वसूल घटतो, आणि फौजेचा पगार मात्र थांबत नाही. मग नवा मुलूख लागतो.

पुढे बाजीराव पेशवे आणि श्रीपतराव प्रतिनिधी यांच्यात शाहू महाराजांसमोर झालेला वाद बखरींनी रंगवून सांगितला आहे. त्यातले शब्द बखरकारांचे असतील, पण मुद्दा खरा आहे. प्रतिनिधींचे म्हणणे, आधी घर सावरा, दक्षिणेची घडी बसवा, मग पुढे जा. बाजीरावांचे म्हणणे, मोगल सत्ता मुळातच वाळली आहे, उत्तरेकडे चला. बाजीरावांची बाजू जिंकली. आपण तिच्यात त्यांचे तेज पाहतो, आणि ते होतेच. पण त्यांच्यामागे सरंजामाचा हिशेब उभा होता, हे विसरता येत नाही. घर सावरण्याचा सल्ला शहाणपणाचा असला, तरी सरदारांच्या पागा सल्ल्यावर पोसल्या जात नव्हत्या.

गुजरातेत काय घडले

गुजरातकडे सेनापती खंडेराव दाभाड्यांची नजर होती आणि त्यांचे सरदार होते गायकवाड. पिलाजीराव गायकवाडांचे ठाणे सोनगडचे. डोंगराळ जागा; पाठीमागे खानदेश, समोर सुरतेचा सुपीक अठ्ठाविशी मुलूख. त्यांच्या जोडीला आणि त्यांच्याशी चढाओढ करीत कंठाजी कदम बांडे व उदाजी पवार. १७२५ मध्ये मोगल अधिकारी आपसांत लढत होते. त्यांच्यातल्या हमीदखानाने मराठ्यांची मदत घेतली आणि मोबदल्यात चौथाई वाटून दिली : महीच्या पश्चिमेची कंठाजींना, पूर्वेची पिलाजींना. जी चौथाई १७१९ च्या सनदेत मिळाली नव्हती, ती अशी भांडणाच्या भाड्यापोटी मिळाली.

त्याच वर्षी अहमदाबादवर लुटीचे संकट आले. नगरशेठ खुशालचंद यांनी स्वतःच्या पदरची मोठी रक्कम देऊन शहर वाचवले. उपकाराची फेड म्हणून शहराच्या महाजनांनी त्यांना व त्यांच्या वंशजांना बाजारातील मालावर शंभर रुपयांमागे चार आणे हक्क लिहून दिला. अहमदाबादच्या आठवणीत हा प्रसंग सन्मानाचा आहे, आणि त्यात संकटाच्या जागी आपण आहोत. सुरतेच्या पेढ्यांवर आणि वडनगरच्या नागरांच्या घरांत आपल्याला 'गनीम' म्हणत. बंगालमध्ये १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या झाल्या, तेव्हा आपल्या 'बारगीर' शब्दाचा 'बर्गी' झाला आणि त्या नावाची भीती तिथल्या अंगाईगीतांत उतरली. स्वराज्याचा घोडा दुसऱ्याच्या अंगणात कसा दिसला, हे कळायला ही नावे पुरेशी आहेत.

आणि वसुलीची वाटणी लवकरच आपल्याच माणसांत पेटली. १ एप्रिल १७३१ रोजी, आपल्या वडोदऱ्यापासून फार दूर नसलेल्या डभईजवळ, भिलापूरच्या रानात मराठ्यांच्या दोन फौजा समोरासमोर आल्या. एकीकडे बाजीराव, दुसरीकडे सेनापती त्रिंबकराव दाभाडे आणि पिलाजीराव. सेनापती गोळी लागून पडले. पिलाजींचा एक मुलगाही त्या लढाईत गेला. शाहू महाराजांनी समेट घडवला : गुजरात दाभाड्यांकडे, पण उत्पन्नाचा अर्धा भाग पेशव्यांमार्फत सरकारात. पुढच्याच वर्षी डाकोरला मारवाडच्या अभयसिंहाच्या माणसांनी पिलाजींचा दगा करून खून केला. १७३४ मध्ये त्यांचे बंधू महादजी यांनी वडोदरे घेतले, आणि तेव्हापासून ते गायकवाडांकडे राहिले.

अर्ध्या वाट्याचा हिशेब मात्र मिटला नाही. १७५१ मध्ये दमाजीराव ताराबाईंच्या बाजूने साताऱ्यावर गेले, पकडले गेले, आणि सुटकेसाठी त्यांना अर्धा गुजरात व थकबाकीपोटी पंधरा लाख रुपये कबूल करावे लागले. १७५३ मध्ये पेशवे व गायकवाड यांनी मिळून अहमदाबाद घेतले आणि शहराचा कारभारही वाटून घेतला. काठेवाडात दरसाल मुलूखगिरीला फौज जाई, म्हणजे प्रत्येक वेळी फौज उभी करून खंडणी वसूल करावी लागे. १८०७ मध्ये कर्नल वॉकरने ठराव करीपर्यंत ही रीत चालली. वडोदरा संस्थानाचा नकाशा आठवा. कडी एकीकडे, नवसारी दुसरीकडे, अमरेली समुद्राकडे, मधे दुसऱ्यांचे मुलूख. तो असा तुकड्यातुकड्यांचा झाला, कारण त्याचा पाया मुलूख जोडण्यापेक्षा हिस्से वाटण्यावर घातला गेला होता.

शेवट आपल्याला ठाऊक आहे. पेशवे आणि गायकवाड यांच्यातले जुने दावे मिटवायला गंगाधरशास्त्री पटवर्धन वडोदऱ्याहून पुण्याला गेले आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. ते इंग्रजांच्या हमीवर गेले होते. त्या खुनाचे निमित्त धरून इंग्रजांनी पेशव्यांना कोंडीत पकडले, १८१७ च्या पुणे तहात गायकवाडांवरील सत्ता सोडायला लावली, आणि वर्षभरात पेशवाईच संपली. भिलापूरच्या रानात सुरू झालेला हिशेब पंढरपूरच्या रस्त्यावर येऊन थांबला. मधे चौऱ्याऐंशी वर्षे गेली.

समुद्रापलीकडचा एक दाखला

असे वळण फक्त आपल्याच वाट्याला आले असे नाही. जानेवारी १८९६ च्या अखेरीस मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक आपल्या वडोदऱ्यात येऊन गेला. इथल्या हत्तींविषयी आणि सोन्याचांदीच्या तोफांविषयी त्याने प्रवासवर्णनात लिहिले आहे. त्याचा देश तेव्हा अशाच उंबरठ्यावर होता. युरोपातल्या एका सत्तेशी लढून जन्मलेले ते राष्ट्र, १८२३ च्या मन्रो सिद्धान्ताने युरोपला सांगत होते की तुम्ही आमच्या खंडात हात घालू नका, आम्ही तुमच्या भानगडीत पडत नाही. १८९० च्या जनगणनेने सांगितले की पश्चिमेकडे वस्तीची मोकळी सीमारेषा आता उरलेली नाही. त्याच वर्षी कॅप्टन महान याचा आरमारी सत्तेवरचा ग्रंथ आला. १८९८ मध्ये क्युबाला स्पेनच्या जाचातून सोडवायचे म्हणून युद्ध झाले, आणि डिसेंबरच्या पॅरिस तहात अमेरिकेने पोर्तो रिको व ग्वाम घेतले, शिवाय दोन कोटी डॉलर मोजून फिलिपिन्सही घेतले. सोडवायला गेलेली फौज राज्य करायला थांबली. फिलिपिनो लोकांनी त्या नव्या धन्याविरुद्ध शस्त्र उचलले.

तिकडेही प्रतिनिधी होते. बॉस्टनमध्ये साम्राज्यविरोधी संघ निघाला. मार्क ट्वेन पुढे त्याचा उपाध्यक्ष झाला. सिनेटमध्ये तो तह आवश्यक दोन तृतीयांशांपेक्षा एकच मत जास्त मिळून मंजूर झाला. नर्मदा आणि पॅसिफिक महासागर यांची तुलना कोणी हसण्यावारी नेईल, पण वळण तेच आहे. ज्याने स्वतः परकी सत्ता झुगारली, त्यालाच एक दिवस वाटू लागते की आपली गोष्ट वेगळी.

मोजायची पट्टी

मग चांगले साम्राज्य आणि वाईट साम्राज्य असे काही मोजता येते का? याची एक पट्टी आपल्याच शहराच्या कारभाऱ्यांनी दिली आहे. दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये वडोदऱ्याचे दिवाण होते. रमेशचंद्र दत्त १९०४ पासून इथे महसूल मंत्री होते, पुढे दिवाण झाले आणि १९०९ मध्ये इथेच वारले. हिंदुस्थानातून संपत्ती इंग्लंडला कशी वाहून जाते, याचा हिशेब ज्या दोघांनी सर्वांत ठामपणे मांडला, त्या दोघांनीही वडोदऱ्याचा कारभार पाहिला होता. त्यांचा प्रश्न साधा होता. कर जिथे गोळा होतो, तिथे तो खर्च होतो का?

हीच पट्टी आपल्या इतिहासाला लावून पाहा. १७२५ मध्ये उत्तर 'नाही' असे येते. खेड्याचा चौथा हिस्सा सोनगडला, तळेगावला, साताऱ्याला, पुण्याला जात होता. सयाजीराव महाराजांच्या काळात उत्तर बरेच बदलते. १८९३ मध्ये त्यांनी अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यात लागू केला. ज्या काठेवाडी मुलखात मुलूखगिरीची फौज जात असे, तिथे मास्तर गेला. राज्यकारभाराच्या शब्दांचा 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' १९३१ मध्ये निघाला, त्यात गुजरातीसह आठ भाषांना जागा मिळाली. हे सर्व इंग्रजांच्या छत्राखाली झाले, राजवाड्याचा खर्चही मोठा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण चौथाईचे राज्य आणि शाळेचे राज्य यांतले अंतर खरे आहे, आणि ते कापायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

म्हणून आपल्या पूर्वजांची लाज बाळगण्याची गरज नाही, तसेच लुटीला स्वराज्य म्हणण्याचीही नाही. सनदा, मोकासे आणि जमाखर्च जुळवून ही गोष्ट ज्यांनी सविस्तर लिहिली, ते रियासतकार सरदेसाई सयाजीराव महाराजांच्याच नोकरीत होते. वडोदऱ्याच्या मराठी माणसाने हे काम पूर्वीही केले आहे.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्या दिवसापासून आपली घरे इथे कोणत्याही फौजेच्या आधाराशिवाय उभी आहेत. शेजाऱ्यांच्या आधाराने उभी आहेत. आपला कर इथे जातो, आपली मुले इथे शिकतात आणि शिकवतात. दादाभाईंच्या पट्टीवर आज आपण उतरतो.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी अजून पेटीत मोडीतले कागद आहेत : वर्षासनाचे, इनामाचे, आसामीचे. एकदा मोडी जाणणाऱ्याकडून ते वाचून घ्या. आपल्या पूर्वजाचे नाव आणि रक्कम तर दिसेलच. त्याच्या पुढे, ती रक्कम ज्या गावच्या वसुलातून नेमून दिली त्या गावाचे नाव असेल तर तेही पाहा. ते गाव कडीकडचे असेल, पेटलादजवळचे असेल, नवसारीचे असेल. घराण्याची हकिकत पुढच्या वेळी मुलांना सांगाल, तेव्हा त्या गावाचेही नाव घ्या.